अर्ध्या मिलिमीटरची हवा

टक.

एसीचं बटण दाबलं की बोनेटखालून हा आवाज येतो. डबीचं झाकण नीट बसावं, इतकाच. पाठोपाठ इंजिन जरा दबल्यासारखं होतं आणि काही सेकंदांत समोरच्या जाळीतून गार झुळूक येते. अकरा वर्षं मी हा आवाज ऐकत होते. त्याच्याकडे लक्ष गेलं ते तो यायचा थांबला तेव्हा.

आमचा रोजचा रस्ता असा : डोंबिवलीचा मानपाडा, काटई नाका, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, माजिवडा. समुद्राचा वारा आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तापलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात मुंबईपेक्षा इथला पारा कायम दोन-चार अंश वरच. सकाळी निघताना एसी अगदी छान. शिळफाट्याच्या कोंडीत अर्धा तास काढला की झुळूक कोमट व्हायची, आणि मग नुसती गरम हवा. ठाण्यात गाडी दोन-तीन तास सावलीत उभी राहिली की परत टक, परत गार. एका गॅरेजमध्ये दोनदा गॅस भरून घेतला. पहिल्यांदा आठवडाभर बरं वाटलं, दुसऱ्यांदा तेवढंही नाही. मग सांगण्यात आलं, कॉम्प्रेसर बदला.

कॉम्प्रेसर बदलायचा म्हणजे मोठा खर्च. म्हणून आणखी एकाला दाखवू, असं ठरवून मी गाडी वागळे इस्टेटमध्ये नेली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा ज्या वसाहतीपासून तिच्या कामाला सुरुवात झाली, ती ही. मोठ्या कारखान्यांच्या जागी आता काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, पण आतल्या गल्ल्यांत अजून लेथ फिरतात, बेअरिंगची दुकानं आहेत, आणि हाताला लोखंडाची समज असलेली माणसं आहेत. अशाच एका गॅरेजचे मिस्त्री बाहेर आले.

"ताई, आत्ता चालवत आलात ना? गाडी गरम आहे ना?"

"हो, थोडी निवू दे का?"

"नको नको. गार गाडी दुखणं लपवते."

त्यांनी इंजिन बंद केलं. कॉम्प्रेसरला जाणाऱ्या वायरचं कनेक्शन काढलं आणि बॅटरीपासून दोन वायरी थेट तिथे लावल्या. काही झालं नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं त्यांनी कॉम्प्रेसरच्या तोंडावरची गोल चकती हलकेच दाबली. टक! चकती मागच्या पुलीला घट्ट चिकटली. वायर काढली, चकती उडी मारून मागे आली. परत वायर लावली, पुन्हा ढिम्म.

"गॅस आहे. कॉम्प्रेसर चांगला आहे," मिस्त्री म्हणाले. "क्लचचा गॅप वाढलाय."

पुढचे तीन तास मी त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होते. गाडीतला क्लच म्हणजे डाव्या पायाखालचा, एवढीच माझी समजूत होती. गाडीत आणखी एक क्लच असतो, तो विजेवर चालतो, आणि त्याच्यात इतकं काही दडलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आधी हा क्लच लागतोच कशाला, ते पाहू. घरच्या फ्रिजमध्ये मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही एकाच वितळजोड केलेल्या काळ्या डब्यात बंद असतात. थंडावा पुरेसा झाला की थर्मोस्टॅट वीज तोडतो, मोटर थांबते, काम संपलं. गाडीत मात्र कॉम्प्रेसर फिरवणारी मोटर म्हणजे खुद्द गाडीचं इंजिन, आणि ते आपल्या थंडाव्यासाठी थांबणार नाही. ते पट्ट्याने कॉम्प्रेसरची पुली फिरवतच राहतं. मग एसी बंद करायचा कसा?

हा प्रश्न खरोखर पडला होता. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये कारखान्यातूनच बसवलेला एसी देऊ केला, तेव्हा त्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. थंडी वाजायला लागली तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरून बोनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा! परत गारवा हवा असेल तर पट्टा परत चढवायचा. पुढे १९५४ च्या नॅश गाड्यांमध्ये कॉम्प्रेसरला चुंबकीय क्लच आला, आणि खाली उतरून करायचं ते काम एका बटणावर आलं. आपण सहज बोटाने दाबतो त्या बटणामागे पट्टा काढायचा तो सगळा खटाटोप आहे.

आता क्लचची रचना. तीन भाग. सगळ्यात पुढे पोलादाची चकती, जी कॉम्प्रेसरच्या दांड्यावर बसलेली. तिच्या मागे पुली, जी बेअरिंगवर मोकळी फिरते. इंजिन चालू आहे तोवर ती फिरतेच, एसी चालू असो वा नसो. आणि पुलीच्या पोटात, न फिरणारी, तांब्याच्या तारेची कॉइल. चकती आणि पुली यांच्यामध्ये काय असतं? हवा. साधारण अर्धा मिलिमीटर हवा. पुली गरगर फिरत असते आणि तिच्यापासून पाच कागदांच्या जाडीवर चकती स्तब्ध उभी असते.

बटण दाबलं की कॉइलमध्ये वीज जाते, पुलीचं तोंड चुंबक होतं, चकती ओढली जाऊन चिकटते आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. वीज तोडली की चकतीतल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा तिला मागे खेचतात. विजेने लोखंडाचं चुंबक करता येतं, हे विल्यम स्टर्जन या इंग्रज माणसाने १८२५ च्या सुमारास दाखवून दिलं. घोड्याच्या नालासारख्या वाकवलेल्या २०० ग्रॅमच्या लोखंडावर तांब्याची तार गुंडाळून त्याने ४ किलो वजन उचललं होतं. दोनशे वर्षांनी शिळफाट्याच्या कोंडीत उभ्या असलेल्या कितीतरी पेट्रोल-डिझेल गाड्यांत त्याच नालाचं भावंड आहे.

मिस्त्रींनी मल्टिमीटर लावून कॉइल मोजली आणि मी मोबाइलवर गुणाकार केला. साडेतीन ओहम, बारा व्होल्ट. म्हणजे साधारण ३.४ अँपिअर, ४० वॉट. चाळीस वॉट म्हणजे आपल्या जुन्या लांब ट्यूबलाइटइतकी वीज. आणि ही वीज जी ताकद जोडते ती? छोट्या गाडीचा कॉम्प्रेसर फिरवायला दोनेक हजार वॉट सहज लागतात. एका ट्यूबलाइटच्या विजेने पन्नास ट्यूबलाइटची ताकद धरायची आणि सोडायची, तीही डोळ्याची पापणी लवेपर्यंत!

मग मिस्त्री कामाला लागले. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. गाडी जॅकवर घेऊन पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं कव्हर उतरवलं, पट्टा सैल करून बाजूला केला. गॅसच्या नळ्यांना त्यांनी हातही लावला नाही. याचं मला नवल वाटलं, कारण मला वाटत होतं की कॉम्प्रेसरचं काही काढायचं म्हणजे आधी गॅस सोडावा लागणार. पण क्लच सगळा बाहेरच्या अंगाला असतो. आतला गॅस, तेल, पिस्टन सगळं बंद घरात असतं आणि त्या घराच्या भिंतीतून फक्त एक दांडा बाहेर डोकावतो. तो जिथून बाहेर येतो तिथे एक सील असतो. आतल्या गॅसचा दाब एकीकडे, बाहेर शिळफाट्याची धूळ, आणि मध्ये फिरत्या दांड्याला लपेटलेली ती एक कडी. क्लच उंबऱ्याबाहेर उभा असतो. म्हणून गाडीत जागा मिळाली तर तो घरात न शिरता काढता येतो आणि बसवता येतो.

चकती फिरू नये म्हणून तिच्या भोकांत दोन खुंट्यांचा पाना अडकवला आणि मधला बोल्ट सोडवला. चकती दांड्याच्या खाचांवरून सरळ बाहेर आली. "हात धरा खाली," मिस्त्री म्हणाले. माझ्या तळहातावर दोन पातळ चकत्या पडल्या, वॉशरसारख्या. या शिम, चकती आणि पुलीमधली फट ठरवणाऱ्या. यातली एक व्हिजिटिंग कार्डाइतकी जाड, दुसरी कागदासारखी. "याच्यातच सगळं आहे ताई. हरवू नका."

पुढचं लॉक, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, लॉक प्लायरने काढलं. पुली दोन्ही हातांनी सावकाश ओढली. थोडी अडली तेव्हा पुलरने. दुसरं लॉक काढलं आणि कॉइल सुटी झाली. तिच्या पाठीला एक छोटी खुंटी होती, ती कॉम्प्रेसरच्या भोकात बसते. ती चुकली तर कॉइल आपल्या जागी बसतच नाही. पुली कानाजवळ धरून मिस्त्रींनी बोटाने फिरवली आणि माझ्या हातात दिली. बेअरिंगमधून बारीक खरखर येत होती. ग्रीस सुकलं होतं. आपण एसी वापरत नाही तेव्हा तो झिजत नाही असं वाटतं, पण हे बेअरिंग इंजिनाबरोबर कायम फिरतं आणि पट्ट्याचा ताण कायम त्याच्यावरच. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की पाणी आधी इथे पोचतं. ते बदलायचं ठरलं. गल्लीच्या टोकाच्या दुकानातून बेअरिंग आलं, दाबयंत्राखाली ठेवून जुनं काढलं, नवं बसवलं.

पण मला ओढ लागली होती ती चकतीची. तिचं तोंड आरशासारखं गुळगुळीत झालं होतं, कडेला निळसर छटा, वर गोल-गोल बारीक ओरखडे. काढण्याआधी मिस्त्रींनी फीलर गेजची पाती घालून फट मोजली होती : ०.९ मिलिमीटर. असायला हवी होती अर्ध्याच्या आसपास. बाकीचे ०.४ मिलिमीटर गेले कुठे? झिजले. उभी चकती फिरत्या पुलीला चिकटते तेव्हा दोघींचा वेग जुळेपर्यंत क्षणभर घासतात. प्रत्येक 'टक'ला थोडंसं लोखंड जातं.

थोडंसं म्हणजे किती? मी तिथेच हिशेब मांडला. जाऊन-येऊन दीड तास, मिनिटाला दोन वेळा क्लच जोडला-सुटला असं धरलं तर दिवसाला १८०. वर्षाचे ३०० दिवस, ५४ हजार. अकरा वर्षांत सुमारे सहा लाख. आता ०.४ मिलिमीटरला सहा लाखांनी भागा. उत्तर येतं मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्याही दोन-तृतीयांश. लोखंडाचे अणू एकमेकांपासून जेवढ्या अंतरावर असतात त्याच्या साधारण तिप्पट!

हा आकडा मी तीनदा तपासला. म्हणजे काटई नाक्याला, शिळफाट्याला, मुंब्रा बायपासच्या चढावर, दर वेळी तो आवाज आला तेव्हा त्या पोलादावरून सरासरी अणूंचे जेमतेम तीन थर निघून गेले. सहा लाख वेळा. आणि तेवढ्याने अकरा वर्षांनी माझा एसी बंद पडला. हिशेब ढोबळ आहे, रोजची कोंडी सारखी नसते. पण तो दुप्पट चुकला तरी गोष्ट अणूंचीच राहते. अणू मोजायला प्रयोगशाळा लागते असं मी समजत होते. इथे बोटभर पात्याने एका मिस्त्रीने ते मोजून दाखवले होते.

आता ते कोडं. गाडी तापल्यावरच एसी का बंद पडायचा? याचं उत्तर कॉइलच्या तांब्यात आहे. तांबं तापलं की विजेला जास्त अडवतं, दर अंशाला ०.३९ टक्के. कोंडीत वारा नाही, शेजारी इंजिन धगधगतंय, कॉइल स्वतःही तापते. ८० अंशांनी तापमान वाढलं तर साडेतीन ओहमचे ४.६ ओहम होतात आणि प्रवाह ३.४ वरून २.६ अँपिअरवर येतो. चुंबकाची ओढ प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणजे ती पुरती शंभरावरून अठ्ठावन्नवर. आणि फट? ओढ तिच्याही वर्गाने घटते. अर्ध्या मिलिमीटरऐवजी ०.९ म्हणजे शंभरातली एकतीसच उरली. दोन्ही एकत्र घ्या : अठरा. गार सकाळी एकतीस पुरायची. तापलेल्या दुपारी अठरा पुरायची नाही.

यातली आणखी एक खुबी मला फार आवडली. चकती एकदा चिकटली की फट उरतच नाही, मग ओढ भरपूर, आणि गरम कॉइलही तिला सोडत नाही. म्हणून कोंडीत आधी काही वेळ एसी चालूच राहायचा. पण आतला गारवा पुरेसा झाला की सेन्सर क्लच सोडायला लावतो, नाहीतर आतल्या जाळीवर बर्फ धरेल. चकती सुटली, फट उघडली, आणि परत बोलावलं तेव्हा ती ०.९ मिलिमीटरची दरी ओलांडता येईना. धरून ठेवायला ताकद होती. बोलावून घ्यायला नव्हती. मिस्त्रींच्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तेवढंच केलं होतं. (हा प्रयोग चालू इंजिनावर कुणी करू नये. फिरता पट्टा बोट परत देत नाही.)

बसवायचं काम उलट क्रमाने, पण जास्त जपून. कॉइल, तिची खुंटी भोकात, लॉक. लॉकच्या एका अंगाला उतार असतो, तो बाहेर यायला हवा. मग पुली; हाताने फिरवली तर निमूट, घासल्याचा आवाज नाही. मग मिस्त्रींनी माझ्याकडे हात पुढे केला आणि दोन शिमांपैकी कागदासारखी पातळ तेवढी उचलली. जाड माझ्याच तळहातावर राहिली.

"ही?"

"ही आता नको. जेवढं झिजलं तेवढं हिच्यात परत मिळालं."

चकती बसवली, मधला बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापात आवळला. मग फीलर गेज, तीन ठिकाणी, कारण एका बाजूला फट कमी आणि दुसरीकडे जास्त असेल तर चकती तिरकी बसते. अर्धा, अर्धा, अर्ध्याला किंचित कमी. फट फार लहान ठेवूनही चालत नाही. चकती सुटल्यावरही पुलीला घासत राहते, तापते, निळी पडते आणि बेअरिंगही घेऊन जाते. दोन्ही तोंडं कोरड्या फडक्याने पुसली. तेल-ग्रीसचा एक ठिपकाही तिथे चालत नाही. शेवटी इंजिन चालू करून वीसेक वेळा एसी चालू-बंद, चालू-बंद केला, म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकींना रुळतात. टक. टक. टक. गॅरेजमधली बाकीची माणसं आपापल्या कामात होती. मी मात्र प्रत्येक आवाजाला तीन थर मोजत होते.

त्या दोनदा भरलेल्या गॅसचं मला आता वाईट वाटतं, आणि पैशांमुळे नाही. आमच्या गाडीत असतो तो आर-१३४ए नावाचा गॅस. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या जुन्या आर-१२ च्या जागी तो आला, आणि ओझोनला तो निरुपद्रवी आहे. पण वातावरण तापवण्यात एक किलो आर-१३४ए सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो. छोट्या गाडीत तो साधारण ४५० ग्रॅम असतो. नवा भरताना आतला गॅस नीट परत न घेता हवेत सोडला, तर जवळजवळ साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. तेवढा व्हायला २८० लिटर पेट्रोल जाळावं लागेल. तेवढ्यात माझी गाडी ठाण्याहून कन्याकुमारीला जाऊन परत येईल. दुखणं अर्ध्या मिलिमीटरचं होतं आणि औषध भलतीकडेच चाललं होतं.

हा आवाज आता कमी होत जाणार. नव्या पुष्कळ गाड्यांत कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आतच आपलं काम कमी-जास्त करतो, क्लच लागत नाही. घोडबंदर रोडवर वाढत चाललेल्या विजेच्या गाड्यांत तर कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर आहे, फ्रिजसारखी. पट्टा नाही, पुली नाही, चकती नाही. पण आज आपल्या इमारतींखाली उभ्या असलेल्या पाच, दहा, पंधरा वर्षांच्या कितीतरी गाड्यांत हा क्लच आहे आणि अजून बरीच वर्षं राहील. ती जाड शिम मी घरी आणली. देवघराच्या खालच्या खणात, किल्ल्यांच्या डबीत ठेवली आहे.

तर वाचकांना एकच विनंती. या उन्हाळ्यात गाडीचा एसी गार करेनासा झाला, विशेषतः सकाळी चांगला आणि तापल्यावर बंद असं होत असेल, तर गाडी गरम असतानाच गॅरेजमध्ये न्या. एसी चालू करायला सांगा आणि कान द्या. 'टक' येत नसेल, तर गॅसच्या नळ्या खोलण्याआधी, कॉम्प्रेसर बदलण्याआधी, दोन गोष्टी तपासून मागा : कॉइलला वीज पोचते का, आणि क्लचचा गॅप किती आहे. फीलर गेजला पाच मिनिटं लागतात.